पाळण्यांची रांग

मूल जन्मल्यावर पाचवीच्या रात्री आमच्याकडे अजूनही पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी अक्षरे लिहून जाते, अशी समजूत. त्या रात्री घरातली एक तरी म्हातारी बाई जागी असते. सटवाई काय लिहिते ते मला ठाऊक नाही; पण पहिल्या आठ-दहा दिवसांत तान्ह्या जिवाला कोणीतरी अदृश्य भेटून जाते आणि त्या भेटीवर पुढचे सारे ठरते, एवढे आमच्या आज्या-पणज्यांनी बरोबर हेरले होते.

दोन वर्षांमागे माझ्या भाचीचे बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले. पाचवीच्या रात्री बाळ एका मोठ्या इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत, आई खालच्या मजल्यावर आणि आम्ही मंडळी जिन्यात. उत्तररात्री डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "रक्तात जंतू सापडलेत, मामा. दोन औषधं लागू पडत नाहीत. तिसरं सुरू करतो." तिसरे लागू पडले, पण "औषध लागू पडत नाही" हे शब्द काही माझ्या कानांतून गेले नाहीत. जंतुशास्त्राशी माझे काही नाते नाही. मी पडलो शाळामास्तर. मात्र इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक खोड असते. हे प्रथम कधी घडले, असे विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

शोधू लागलो, तेव्हा पहिलाच धक्का बसला तो तारखेचा. पेनिसिलिनचे इंजेक्शन ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी पहिल्या आजारी माणसाला टोचले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. आणि त्याच ऑक्सफर्डच्या एब्राहम आणि चेन या दोघा संशोधकांनी, काही जंतू पेनिसिलिन फोडून निकामी करणारे द्रव्य स्वतःच तयार करतात, हे छापून प्रसिद्ध केले होते डिसेंबर १९४० मध्ये! म्हणजे औषध रोग्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याचा वैरी माणसाला भेटलेला होता. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनीही १९४५ च्या नोबेल व्याख्यानात बजावले, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते शिकतात. लढाई जिंकलेल्या जगाला अशा सूचना ऐकू येत नसतात.

लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर नावाच्या विदुषी मात्र हिशेब मांडत बसल्या होत्या. गळू करणारा, जखमेत पू धरणारा जो स्टॅफिलोकोकस जंतू, त्याचे इस्पितळात सापडणारे नमुने त्यांनी पेनिसिलिनपुढे तपासले. १९४६ साली शंभरांतले चौदा नमुने पेनिसिलिनला दाद देईनात. पुढच्या वर्षी अडतीस. १९४८ साली एकोणसाठ. यात जंतूंची काही जादू नव्हती. शेतात खुरपणी करताना पिकासारखे दिसणारे तण तेवढे खुरप्यातून सुटते. मग पुढच्या हंगामी सारे शेत त्याच तणाचे होते. तसेच हे. औषधाने मरणारे मेले, न मरणाऱ्यांना मोकळे रान मिळाले.

आणि हे रान सर्वांत मोकळे कुठे होते? नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या अंगावर. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या नाळेवर, नाकात, कातडीवर जवळजवळ कोणाचीच वस्ती नसते. जो जंतू पहिला येईल त्याचे घर होते.

त्या काळच्या इस्पितळांची रीत अशी होती, की मूल जन्मले की आईपासून उचलायचे आणि काचेआडच्या एका खोलीत पाळण्यांच्या रांगेत नेऊन ठेवायचे. चार-चार तासांनी परिचारिका ते आईकडे पाजायला आणी आणि परत नेई. बाप काचेला नाक लावून कोणते आपले ते ओळखू पाही. ही रीत स्वच्छतेची, शास्त्रशुद्ध म्हणून गाजत होती. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या सूतिकागृहांत १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांत नेमक्या याच खोल्यांतून साथ उठली. बाळांच्या अंगावर पुवाचे फोड, डोळ्यांत चिकटा, काहींना न्यूमोनिया. कित्येक बाळे इस्पितळातून धडधाकट दिसत घरी जात आणि घरी गेल्यावर दहा-पंधरा दिवसांनी आईच्या छातीत गळू होई, थोरल्या भावंडांना फोड येत. पेनिसिलिनचा काही उपयोग होत नसे.

या साथीचा माग दोघींनी काढला. नॉर्थ शोअर इस्पितळाच्या बालरोगतज्ज्ञ क्लेअर इस्बिस्टर पाळण्यांपाशी उभ्या होत्या. प्रिन्स आल्फ्रेड इस्पितळाच्या फिलिस राउंट्री प्रयोगशाळेत होत्या. जंतूंनाही खाणारे त्याहून सूक्ष्म विषाणू असतात. कोणता विषाणू कोणत्या जंतूला मारतो यावरून जंतूचे घराणे ओळखता येते. हा जंतू ठाऊक असलेल्या कोणत्याच घराण्यात बसेना. राउंट्रीबाईंनी नवा विषाणू वापरून त्याला ८० हा क्रमांक दिला. तिकडे कॅनडात दुसऱ्यांनी त्यालाच ८१ म्हटले. पुढे तो ८०/८१ या जोडनावाने जगभर कुप्रसिद्ध झाला. योगायोग पाहा: राउंट्रीबाईंचा निबंध निघाला १९५५ साली, आणि त्याच साली आपल्या पिंपरीच्या सरकारी कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. आपल्याकडे दिवा लागत होता तेव्हा तिकडे तेल ओसरू लागले होते.

साथीचे वाहन कोणते? या पाळण्यातून त्या पाळण्याकडे जाणारे, मायेने दुपटे बदलणारे हात! ज्या परिचारिका त्या बाळांसाठी रात्र रात्र जागत, त्यांच्याच नाकांत आणि हातांवर तो जंतू मुक्कामाला होता. पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी मुद्दाम तपासूनही पाहिले, की हात धुऊन हाताळलेल्या बाळांपेक्षा न धुता हाताळलेल्या बाळांना तो अधिक लागतो. इस्बिस्टरबाईंचा उपाय आजीबाईच्या बटव्यातला वाटावा असा होता: पाळण्यांची रांग मोडा आणि मूल आईच्या खाटेशी द्या. एका बाळाला एकच माणूस हाताळील, आणि आईच्याच अंगावरचे सौम्य जंतू आधी जागा धरतील. यावरून आमच्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोल्यांचे कौतुक कोणी करू नये. तिथेही मुले मरत होती, आणि नाळ कापणारा विळा कोणी उकळत नव्हते.

औषधवाल्यांनीही हार मानली नव्हती. पेनिसिलिन फोडणाऱ्या जंतूंवर रामबाण म्हणून मेथिसिलिन हे नवे औषध १९६० साली इंग्लंडात निघाले. वर्ष उलटते न उलटते तोच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांहून अधिक नमुने तपासून, एकाच इस्पितळातले तीन नमुने त्यालाही जुमानत नाहीत, असे १९६१ मध्ये कळवले. लंडनजवळच्या कारशाल्टन येथल्या मुलांच्याच इस्पितळात मग हा जंतू वॉर्डावॉर्डांतून हिंडला.

याच सुमारास अतिदक्षता विभाग जन्माला येत होता. १९५२ च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये गळ्यात नळी घालून, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून, मुलांना आठवडे आठवडे श्वास दिला. १९५५ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला खास मुलांसाठी असा विभाग निघाला. ज्यांची आशा सुटली असती अशी मुले तिथे जगू लागली. पण नळी, सुई, ओलावा देणारे यंत्र यांतली प्रत्येक वस्तू जंतूला दार झाली, आणि पाळण्यांची जी रांग सिडनीत मोडली ती इथे पुन्हा मांडावी लागली. आता आईच्या खाटेशी मूल द्यायचे कसे? मूल तर तारांनी यंत्राला बांधलेले!

वैरीही बदलला. दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांत २०११ ते २०१४ या काळात ८८ हजारांवर जन्मांचा मागोवा घेतला गेला. त्यांतली १३,५३० बाळे अतिदक्षता विभागांत दाखल झाली. तिथे सापडला तो आता स्टॅफिलोकोकस नव्हे. अॅसिनेटोबॅक्टर पहिला, मग क्लेब्सिएला. अॅसिनेटोबॅक्टरच्या शंभरांतल्या ८२ नमुन्यांवर एकाहून अधिक जातींची औषधे बोथट ठरली. ही आकडेवारी मी वाचली तेव्हा मला जिन्यातली ती रात्र आठवली. तिसऱ्या औषधाने भाचीचे बाळ तारले, त्यात आमचे भाग्य किती होते, हे मला त्या रात्री कळले नव्हते.

कोलंबियात बोगोटा शहरी १९७८ साली एडगर रे या डॉक्टरांकडे काचपेट्या कमी आणि मुले जास्त, अशी एकेका पेटीत दोन-तीन मुले निजवलेली. जंतूंची चंगळ. त्यांनी नाइलाजाने अपुऱ्या दिवसांची मुले आयांच्या उघड्या छातीशी बांधली, कांगारूसारखी. गरिबांची तडजोड म्हणून बड्या इस्पितळांनी तिची गणना केली. तीही प्रकृती स्थिरावलेल्या मुलांपुरतीच. मग आफ्रिकेतले चार देश आणि दिल्लीचे सफदरजंग इस्पितळ यांनी मिळून अतिदक्षता विभागातच बाळाशेजारी आईची खाट घातली, आणि बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता ते तिच्या छातीशी दिले. २०२१ मध्ये निकाल जाहीर झाला. नेहमीच्या पद्धतीत शंभरांतली सोळाच्या आसपास बाळे दगावत; आईपाशी बारा. रक्तात जंतू झाल्याचा संशय येण्याचे प्रमाणही कमी. इस्बिस्टरबाईंचा उपाय सुमारे पासष्ट वर्षांनी काचेआड शिरला.

आमच्या बाळाला बाराव्या दिवशी, श्वासाची नळी निघाल्यावर, आई भेटली. थोरल्या सिस्टरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी भाचीला बांगड्या आणि अंगठी काढायला लावली, नखे पाहिली, कोपरापर्यंत हात धुववले. पुसायला ती पदर घेऊ लागली तेव्हा तिच्यावर डाफरून पुन्हा धुववले. मग म्हणाल्या, "ये आता. उशीरच झालाय तुला."