तिजोरीतली शिल्लक आणि मिठावरचा कर : गोखल्यांचे १९०२चे भाषण

१/ २६ मार्च १९०२, कलकत्ता. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालू होती. सरकारी तिजोरीत सुमारे ७ कोटी रुपये शिल्लक पडले होते. अर्थसचिवांवर अभिनंदनाचा वर्षाव होत असता नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यात सामील होण्यास नकार दिला.

२/ १८९२च्या कायद्याने सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. आकड्यांचा अर्थ उलगडून दाखवणे एवढाच मार्ग उरे. त्या तयारीत अर्थाभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांचे मोठे साहाय्य होते.

३/ शिल्लक आली कोठून? रुपया घसरत १३ पेन्सांच्या आसपास गेला, तेव्हा विलायतेतील देणी जड झाली, म्हणून कर वाढले. पुढे रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला; तीच देणी कमी रुपयांत फिटू लागली. कर मात्र उतरले नाहीत.

४/ म्हणजे ही शिल्लक सुबत्तेची खूण नव्हती. १८९९-१९००च्या दुष्काळात वऱ्हाड प्रांत होरपळून निघाला होता. तरीही बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढेसारख्या गावी विकत घेतलेल्या मिठाच्या किमतीत मणामागे अडीच रुपये कर दडलेला असे.

५/ १९०३ साली हा कर २ रुपयांवर आणि १९०७ साली १ रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. पण आजचे अंदाजपत्रक वाचतानाही गोखल्यांचा प्रश्न आधी विचारावा: शिल्लक दिसते ती लोकांचे उत्पन्न वाढल्यामुळे, की कर गरजेहून अधिक घेतल्यामुळे?