सुखसोयींचे मोजमाप

‘हॉटेल’ हा शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ पसरट झाला. इंग्रजीत तो प्रामुख्याने मुक्कामाच्या जागेसाठी आहे. आपल्याकडे चहाच्या टपरीपासून तारांकित वास्तूपर्यंत सर्वांना तो चालतो. त्यामुळे ‘हॉटेल चांगले आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय मोजतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

सोलापूरहून पुण्याकडे जाताना चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. बालाजी अमाइन्स या रसायन कंपनीचा एक कारखाना येथे आहे. याच कंपनीने २०१३ मध्ये सोलापूर शहरात शंभराहून अधिक खोल्यांचे आलिशान हॉटेल उभारले. गिरणगाव म्हणून वाढलेल्या शहराच्या इतिहासात ही घटना बोलकी आहे. सोलापुरात १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून पुढे ओळखली गेलेली कापडगिरणी निघाली. गिरणी कामगाराचे ‘हॉटेल’ म्हणजे खाणावळ. तेथे सजावट नव्हती. आपण रोजचे आहोत, हे वाढणाऱ्याला ठाऊक असणे हीच तिथली सोय.

मुंबईच्या इराण्याकडे अंतर्रचनेला निराळा अर्थ आला. संगमरवरी टेबले पुसायला सोपी, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या हलक्या आणि टिकाऊ, भिंतीवरचे आरसे जागा मोठी भासवणारे आणि गल्ल्यावरच्या मालकाला सबंध दालन दाखवणारे. आज ज्याला आपण ‘जुने वैभव’ म्हणतो, त्यातले बरेचसे व्यवहारातून जन्मले होते. तरीही एका चहावर बराच वेळ बसू देणारी ती खुर्ची कित्येक लेखकांना घरच्या खुर्चीपेक्षा सुखाची वाटली. उडुपी हॉटेलांतल्या ‘फॅमिली रूम’चा पडदा मात्र दुहेरी होता. त्याने स्त्रियांना बाहेर खाण्याची मोकळीक दिली आणि ती मोकळीक पडद्याआडच राहील, याचीही तजवीज केली.

या साऱ्याआधीचा प्रश्न दाराचा आहे. भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात, दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, यातच येथील आसनव्यवस्थेचा खरा इतिहास आहे. वेगळी कपबशी आणि बाहेरचा ओटा हीसुद्धा एक ‘अंतर्रचना’च होती, काहींना निर्धास्त वाटावे म्हणून इतरांना बाहेर ठेवणारी.

म्हणून प्रकाशयोजना, गाद्या आणि गारवा यांना गुण देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: आत कोण येऊ शकते, किती वेळ बसू शकते आणि ही सोय कोणाच्या श्रमावर उभी आहे. टेरी टॉवेल आणि चादरी ही तर सोलापूरचीच ख्याती. कुठल्याशा हॉटेलच्या खोलीत नीट घडी घालून ठेवलेला टॉवेल आपण मऊ म्हणून वाखाणतो. तो विणणारा हात मात्र पाळी संपल्यावर कारखान्याच्या फाटकासमोरच्या बाकावर चहाचा कप धरून बसलेला असतो. त्या बाकालाही तो ‘हॉटेल’च म्हणतो. आपल्या भाषेने दोन्ही जागांना एकच नाव दिले आहे. मोजमाप करताना आपण ते विसरतो.