मडक्यातला नाग

‘सापाला दूध पाजणे’ या वाक्प्रचारात पाजणारा भोळा ठरतो आणि पिणारा कृतघ्न. वास्तव याच्या उलट आहे. साप मांसाहारी असतो, त्याला दूध पचत नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध पितो, कारण त्याआधी कित्येक दिवस त्याला उपाशी आणि तहानलेला ठेवलेले असते. अशा वेळी समोर येईल तो द्रव तो पितो आणि पुष्कळदा त्यानेच दगावतो. भाषेने कृतघ्न ठरवलेला हा जीव येथे बळी असतो. रानातून धरलेला साप माणसाच्या ताब्यात कसा जगतो, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस प्राणिशास्त्राइतकाच सांस्कृतिक इतिहासाचाही वाटतो.

महाराष्ट्रात या इतिहासाचे मुख्य स्थळ म्हणजे सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा. मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या गृहिणीस गोरखनाथांनी जिवंत नाग पूजावयास दिला, अशी तेथील आख्यायिका आहे. पंचमीपूर्वी रानात जाऊन नाग धरावेत, मातीच्या मडक्यांत ठेवावेत, पूजा व मिरवणूक झाल्यावर पुन्हा रानात सोडावेत, असा तेथील रिवाज. म्हणजे ‘धरणे’ आणि ‘सोडणे’ ही दोन्ही क्रियापदे त्यात होती. तथापि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीच्या व्याख्येतच पकडण्याचा समावेश केला. भक्ताचा हात आणि शिकाऱ्याचा हात कायद्यापुढे सारखेच ठरले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिराळ्यातील जिवंत नागांची पूजा थांबली.

मात्र याच अधिनियमाने एक दार उघडे ठेवले आहे. शिक्षण, शास्त्रीय संशोधन आणि जीवरक्षक औषधांसाठी विष मिळवणे, या हेतूंसाठी पूर्वपरवानगीने साप धरता येतो. त्याचा सुपरिचित दाखला तामिळनाडूत आहे. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद पडल्यावर इरुळा जमातीच्या सर्पज्ञांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. तेथेही साप मातीच्या मडक्यांतच राहतात. परंतु मुक्काम तीन-चार आठवड्यांचा. तेवढ्यात ठरावीक वेळाच विष काढले जाते, आणि तोच साप लगेच पुन्हा धरला जाऊ नये म्हणून पोटाच्या खवल्यावर खूण करून त्याला रानात सोडतात. त्या विषापासून बनणारी प्रतिविषे देशभर माणसे वाचवतात.

मडके दोन्हीकडे तेच. फरक आहे तो हिशेबाचा. रानातला साप कोंडला की भीतीने अन्न सोडतो. जाळीवर नाक घासून तोंडास जखमा करून घेतो, मग त्या सडू लागतात. अंगावरच्या गोचिडी आणि पोटातले जंत बळावतात. त्याला हवे असते स्वच्छ पाणी, योग्य ऊब, अंधारा आडोसा आणि कमीत कमी हाताळणी. मिरवणुकीतले ढोल, हळदकुंकू आणि गर्दी यांत यांपैकी एकही गोष्ट नसते. हौस म्हणून नाग घरी बाळगणे तर कितीही मायेने केले तरी गुन्हाच आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने शिराळ्यात पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी २१ नाग धरण्यास, पंचमीच्या आसपासच्या मोजक्या दिवसांपुरती परवानगी दिली. कोणी यास श्रद्धेचा विजय म्हणाले, कोणी कायद्याची माघार. आम्हांस दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. परवानगीचा शब्द ‘पूजा’ नसून ‘शिक्षण’ आहे, आणि शिक्षणाला नोंद लागते: कोणता नाग, कोठून धरला, पाणी केव्हा दिले, कोणत्या अवस्थेत कोठे सोडला. नाग कोणत्या बिळात असतो, त्याला न दुखावता कसे उचलावे, हे शिराळ्याच्या जाणत्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते ज्ञान अशा वहीत उतरले, तर ती परंपरा न्यायालयापुढेही उभी राहू शकेल. वही कोरी राहिली, तर ‘शिक्षण’ हा शब्द म्हणजे दुधाचीच दुसरी वाटी ठरेल.