एक खटला, तीन चित्रपट आणि बदलती समीक्षा

१/ २७ एप्रिल १९५९. मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःहून पोलिसांकडे गेले. विवाहबाह्य संबंधांवरील हिंदी थरारपटाला या घटनेने एक कायमचे कथासूत्र दिले. त्या सूत्राचे स्वागत कसे होत गेले, ते या धाग्यात पाहू.

२/ पहिले परीक्षण चित्रपटाचे नव्हे, खटल्याचेच झाले. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे घेतली. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. 'दुखावलेला, सज्जन पती' ही प्रतिमा पडद्याच्या आधी छापील पानांवर घडली.

३/ १९६३ : 'ये रास्ते हैं प्यार के'. सुनील दत्त, लीला नायडू, रेहमान. सारे काल्पनिक असल्याची सूचना आरंभीच होती; तरी हा चित्रपट 'नानावटीपट' म्हणूनच ओळखला गेला आणि तिकीटबारीवर पडला. गंमत अशी की, पटकथा खटल्यापूर्वीच लिहिली गेली होती, असे लीला नायडूंनी पुढे आठवणींत नोंदवले. कलाकृती कशी वाचली जाईल, हे निर्मात्याच्या हाती राहत नाही.

४/ १९७३ : गुलजारांचा 'अचानक', कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची. एकही गाणे नाही. या संयमाची आजही वाखाणणी होते. डॉक्टरांनी ज्याला जगवायचे, त्यालाच पुढे फासावर चढवायचे, हा येथला पेच. चर्चा व्यभिचाराकडून मृत्युदंडाकडे सरकली.

५/ २०१६ : 'रुस्तम'. प्रेक्षकांनी उचलून धरला. समीक्षकांत मतभेद झाले. संरक्षण व्यवहारातील भ्रष्टाचाराचे उपकथानक जोडल्याने मारणारा पती देशभक्त ठरतो, हा अनेकांना खटकलेला भाग. अक्षय कुमारला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा वाद पुन्हा पेटला.

६/ तिन्ही चित्रपटांत कथेचा केंद्रबिंदू पतीच. प्रत्यक्ष खटल्यात पत्नीने न्यायालयात उभे राहून साक्ष दिली होती. पडद्यावर मात्र तिच्या वाट्याला मुख्यतः पश्चात्ताप आला. 'अचानक'मध्ये तर मृत्यूच.

७/ त्या काळचा कायदाही असाच पाहत होता. भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ पतीच्या संमतीला महत्त्व देई, पत्नीच्या इच्छेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले.

८/ म्हणून जुने परीक्षण हाती आले, तर चित्रपटाला किती तारे दिले एवढेच पाहू नका. समीक्षकाला कोणाची कीव आली आणि कोणाविषयी प्रश्नच पडला नाही, तेही पाहा. त्या काळाचा समाज तिथे सापडतो.