इटलीची वाट तेरवरून

इटलीचा धडा मी आल्प्सपासून सुरू करत नाही, तेरणा नदीकाठच्या तेर गावापासून करतो. सोलापुरात इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालो, तरी हिवाळ्यात सहलींचा हंगाम आला की अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या शिक्षकांचे फोन येतात. "सर, पोरं तुळजापूर करून तेरला येताहेत. इटलीचं तेवढं तुम्हीच सांगा." मग कापडावर चिकटवलेला जगाचा जुना नकाशा गुंडाळून मी निघतो. पोरं गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतात, डबे खातात, आणि बसच्या खिडकीच्या गजांना नकाशा अडकवून आम्ही सुरुवात करतो.

पुस्तकात इटली भेटते ती बुटाच्या आकाराचं द्वीपकल्प म्हणून. एवढ्यावर पोरांच्या मनात देश उभा राहत नाही. म्हणून पहिलं माप मी घरचं देतो. इटलीचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १ हजार चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजारांच्या वर. आपल्या राज्यापेक्षा किंचित लहान असा तो देश. आपल्याकडे सह्याद्री उत्तर-दक्षिण पसरलाय, तिकडे अपेनाइन डोंगर. उत्तरेला आल्प्स आणि त्याच्या पायथ्याशी पो नदीचं सपाट, सुपीक खोरं. दक्षिणेला नेपल्सच्या आखाताशी व्हेसुव्हियस. इथे थांबून मी त्यांना पायाखालची माती उचलायला लावतो. आपली काळी जमीन ज्या खडकाची झिजून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्याकडचं ते प्रकरण केव्हाच थंड झालं. व्हेसुव्हियस मात्र अजून जिवंत आहे, त्याचा शेवटचा उद्रेक मार्च १९४४ मधला. माती हातात असली की ज्वालामुखी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता तेरचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली, लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि मालाची माहिती देणारी एक पुस्तिका आहे, पेरिप्लस. तिच्या लेखकाने दख्खनमधल्या दोन बाजारपेठांची आवर्जून नोंद केली. भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर हे फार मोठं शहर होतं, असं तो सांगतो. तिथून गाड्या भरून, वाट नसलेल्या मुलखातून माल भडोचला जाई. काय जाई? साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल, शिवाय पूर्व किनाऱ्याकडून तगरला आलेला माल.

हे तगर नेमकं कोणतं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचा बराच काथ्याकूट झाला. कोणी देवगिरी म्हटलं, कोणी जुन्नर, भांडारकरांनी धारूर सुचवलं. कोकणच्या आणि कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी स्वतःला तगर नगरीचे अधिपती म्हणवून घेतलं होतं, त्यामुळे शोधाला धार होती. शेवटी १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी इथली विटांची मंदिरं पाहिली. त्रिविक्रमाचं मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचं त्याच्या गजपृष्ठाकार बांधणीवरून ध्यानात आलं. इथल्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, इतक्या हलक्या. हे ऐकलं की पोरांना आधी वीट बघायची असते, तगर नंतर.

कापडाचा उल्लेख आला की सोलापूर शहरातून आलेली मुलं सावरून बसतात. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत यंत्रमागाची खडखड ऐकतच पोरं वाढतात. चादर-टॉवेल कुठल्या देशाला जातात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. तेरच्या विणकरांचाच वारसा सोलापुरात आला असं मी त्यांना सांगत नाही, तसा पुरावा नाही. सोलापूरचे पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, आणि इथली पहिली कापड गिरणी १८७७ ची. पण समुद्रापलीकडे कापड पाठवणारी पेठ आपल्या एवढ्या जवळ होती, हे त्यांना कळलंच पाहिजे.

भडोचहून जहाज निघे ते उत्तरेकडून येणारा हिवाळी वारा धरून. लाल समुद्रावरच्या इजिप्तच्या बंदरात माल उतरे, तिथून उंटांवरून नाईलकाठी, नावांतून अलेक्झांड्रियाला, आणि भूमध्य समुद्र ओलांडून नेपल्सच्या आखातातल्या पुतेओली बंदरात. त्याला आज पोत्सुओली म्हणतात. येताना जहाजं नैऋत्य मान्सूनवर येत. ज्या वाऱ्याची आपला शेतकरी मृगापासून वाट बघतो, त्याच वाऱ्याने रोमन जहाजं येत होती, हे सांगताना मला स्वतःलाच दर वेळी उत्साह येतो.

येताना काय येई? भडोचला खपणाऱ्या मालात पेरिप्लसने मद्य दिलंय आणि त्यात पहिली पसंती इटलीच्या मद्याला. शिवाय तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्याचांदीची नाणी. मद्य ज्यातून यायचं ते दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे रांजण, त्यांना अँफोरा म्हणतात. त्यांची खापरं आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननातही मिळाली. नेपल्सकडच्या रांजणांच्या मातीत ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे कण असतात, म्हणून ते ओळखू येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत तर १९४०च्या दशकात काशाचा अख्खा साठा सापडला. समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती, आरसा, भांडी. त्यातली काही भांडी याच नेपल्स भागातली, म्हणजे कँपेनियातली, असं अभ्यासकांचं मत आहे. तेव्हा इटली म्हणजे कुठली इटली, हे मी नकाशावर बोटाने दाखवतो. रोम नव्हे, मिलान नव्हे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याचा तो छोटासा पट्टा.

मग आम्ही तेरच्या संग्रहालयात जातो. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. पावसाळ्यानंतर शेतात, पांढरीच्या टेकाडांवर उघडे पडणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती ते वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. त्या हजारो वस्तूंचं आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. पदवी, पद, पगार यांतलं काही नसताना एका गावच्या माणसाने हे केलं. महाराष्ट्राने त्यांचं ऋण पुरेसं मानलं, असं मला वाटत नाही.

काचेमागे मातीची छोटी पदकं आहेत. रोमन नाण्यांचा ठसा घेऊन भाजलेली, वर दोरा ओवायला कडी. सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, त्या बाईने मातीचं गळ्यात घातलं. आणि मग ती हस्तिदंती मूर्ती. लहानशीच आहे. मागची पोरं पुढच्यांच्या खांद्यावरून टाचा उंचावून बघतात. मी फोनवर शेजारी दुसरं चित्र धरतो. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांना व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेल्या पाँपेईच्या मोठ्या रस्त्यालगतच्या एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, सुमारे २४ सेंटिमीटर उंच. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोन्ही बाजूंना प्रसाधनाची भांडी घेतलेल्या दोन छोट्या दासी, डोक्यातून खाली गेलेलं भोक, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या मेजाचा पाय असावी. पोटऱ्यांवर वाळ्यांची चळत, हातांत मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. एका सहलीत तांड्यावरून आलेली एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, ही तर माझ्या आजीसारखी. आमच्या आजीचे हात असेच भरलेले असतात." त्या मुलीला पाँपेई वेगळं शिकवायची गरज उरली नाही.

पाँपेईची लक्ष्मी हे तिचं नाव पडलं असलं, तरी ती यक्षी असावी असं बरेच अभ्यासक मानतात. ती कुठे कोरली गेली यावरही एकमत नाही. तिच्या तळाशी वायव्य हिंदुस्थानातल्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, पण घडणीने तिच्या बहिणी शोभाव्यात अशा मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या. मी दोन्ही बाजू मांडतो आणि निकाल मुलांवर सोडतो. मला मात्र भोकरदन-तेरकडे झुकावंसं वाटतं.

इथेच प्लिनीची गोष्ट सांगायची. हा रोमन ग्रंथकार तक्रार करून गेला की हिंदुस्थान दर वर्षी आपल्या साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि तिकडचा माल इथे शंभर पट भावाने विकला जातो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा तो नेपल्सच्या आखातातल्या आरमाराचा प्रमुख होता. लोकांना सोडवायला जहाजं घेऊन गेला आणि तिथेच मेला. त्याच उद्रेकात ती हस्तिदंती बाई राखेखाली गेली. ज्या व्यापाराबद्दल तो चडफडत होता, त्याच व्यापारातली एक वस्तू त्याच्यापासून काही मैलांवर.

परतीच्या बसमध्ये पुढचा इतिहास येतो, आणि तो थेट सराफाच्या दुकानात शिरतो. आपल्या पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मूळची व्हेनिसची. व्हेनिसच्या टाकसाळीने १२८४ पासून सोन्याचा डुकाट पाडला, साडेतीन ग्रॅमचा. एका बाजूला संत मार्क आणि त्यांच्या हातून निशाण घेणारा, गुडघे टेकलेला नगरप्रमुख, म्हणजे डोजे. दुसऱ्या बाजूला लंबगोलात उभा येशू, भोवती तारे. १७९७ मध्ये नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवेपर्यंत नाण्याची घडण जवळपास तशीच राहिली, सोन्याचा कसही. म्हणूनच आपल्या व्यापाऱ्याने, सावकाराने त्यावर डोळे झाकून विश्वास टाकला. नाण्यावरच्या दोन आकृतींत आपल्या लोकांनी राम-सीता पाहिली. इथल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या, कडी लावली, आणि माळ झाली. एखादीच्या घरी जुनी माळ असली तर मी सांगतो, भिंगातून बघ. मधली काठी दिसते का? ती निशाणाची काठी.

सोलापूरजवळ आलेला एक इटालियनही आहे. जोव्हान्नी फ्रान्चेस्को जेमेल्ली कारेरी, नेपल्सचा वकील. १६९३ मध्ये तो जगप्रवासाला निघाला, गोव्यात पोचला आणि मार्च १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगलीच्या छावणीत औरंगजेबासमोर उभा राहिला. ठेंगणा, वयाने वाकलेला, गव्हाळ चेहऱ्यावर पांढरी दाढी, काठीला टेकलेला बादशहा त्याने लिहून ठेवला. छावणीचा घेर तीस मैलांचा आणि आत अडीचशे बाजार, असं तो सांगतो. आकडे ऐकीव असतील, पण त्याने पाहिलेला थकलेला म्हातारा खरा वाटतो. त्याच वर्षी छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला, आपल्या मंगळवेढा तालुक्यातल्या माचणूरला हलली आणि १६९९ पर्यंत राहिली. माचणूरच्या सिद्धेश्वराला जाणाऱ्या मुलांना त्या काळाचं वर्णन नेपल्सच्या वकिलाकडूनही मिळतं.

आणि शेवटी, गेले ते आपले. मार्च १९४४ मध्ये व्हेसुव्हियस धुमसत होता तेव्हा हिंदी सैनिक कॅसिनोच्या डोंगरात लढत होते. त्याच वर्षी १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तिथेच धारातीर्थी पडले. वय २२, गाव रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचं. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना वाचवलं. ते नगर जिल्ह्यातले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रोममधून वाहणारी टायबर परीक्षेत विचारतात, घाडग्यांचं नाव विचारत नाहीत. इटलीत मोन्तोने गावाने मात्र २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं.

सहली आखणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. तेर तुमच्या यादीत नुसतं गोरोबाकाकांच्या दर्शनापुरतं ठेवू नका. सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत सकाळी निघालात तर संध्याकाळी परत येता येतं. संग्रहालयासाठी निदान दोन तास हातात ठेवा, जगाचा नकाशा बरोबर घ्या, आणि मुलांना आत सोडण्याआधी त्यावर तेर, भडोच, अलेक्झांड्रिया आणि नेपल्स या चार ठिकाणी टिकल्या लावून घ्या.