सॅन फर्नांडोचे ‘सुसमाचार’

त्रिनिदाद बेटाच्या दक्षिण भागात, पारियाच्या आखातावर सॅन फर्नांडो नावाचे शहर आहे. तिथल्या एका प्रेस्बिटेरियन चर्चचे नाव ‘सुसमाचार’. ते प्रथम वाचले तेव्हा मी थबकलो. मराठी ख्रिस्ती ज्याला शुभवर्तमान म्हणतात, त्याचाच हा हिंदी प्रतिशब्द. शहराचे नाव स्पॅनिश, राज्य इंग्रजांचे, मिशनरी कॅनडाचे आणि पाटीवरचा शब्द हिंदी. ही गाठ कशी पडली ते पाहू गेलो, आणि जे हाती लागले ते धर्मांतराच्या ठरावीक कहाणीत नीटसे बसेना.

गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली, तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून मजूर आणायला सुरुवात केली. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे पहिले जहाज त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे करारावर या बेटावर आली. बहुतेक गंगेच्या खोऱ्यातली, भोजपुरी आणि अवधी बोलणारी. त्यांची मुले सरकारी शाळांत फिरकत नसत. शाळेची भाषा परकी, आणि मुलांचे हात मळ्याला हवेच असत.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे पाद्री जॉन मॉर्टन १८६४ साली इथे आले ते प्रकृतीसाठी, हवापालटाला. या मजुरांना पाहून ते अस्वस्थ झाले आणि १८६८ च्या जानेवारीत पत्नी सारा व मुलीसह कायमचे परतले. सॅन फर्नांडोजवळच्या आयेर गावात आपल्या घराच्या पायरीवर त्यांनी काही मुले जमवून अक्षरे गिरवायला घेतली. मिशनची पहिली शाळा ती हीच. मॉर्टन स्वतः हिंदी शिकले. १८७० मध्ये त्यांचे सहकारी केनेथ ग्रांट आले आणि सॅन फर्नांडो शहर हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. लाल बिहारी या धर्मांतरित हिंदुस्थानी सहकाऱ्याने ग्रांटना दीर्घकाळ साथ दिली. शाळांना मळेवाल्यांनीही पैसे दिले. त्यात पुण्याईपेक्षा हिशेब अधिक असावा: मिशनरी जवळ असला की मजूर शांत राहतो.

ही शांतता किती वरवरची होती, ते ३० ऑक्टोबर १८८४ रोजी दिसले. त्रिनिदादमध्ये मोहरमला ‘होसे’ म्हणतात. मळ्यामळ्यांतून ताजिये निघत, ढोल वाजत, आणि सॅन फर्नांडोतून जाऊन ताजिये समुद्रात विसर्जित होत. मिरवणुकीत मुसलमानांइतकेच हिंदूही असत. (पुण्या-मुंबईच्या मोहरमात एके काळी हिंदू नाचत, हे ठाऊक असलेल्याला याचे नवल वाटू नये.) त्या वर्षी सरकारने मिरवणुकांना शहरात यायला बंदी केली. मजूर तरीही आले. शहराच्या वेशीवर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अनेक मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले.

मला वाटते, मिशनच्या शाळांचा अर्थ या वेशीवर उभे राहूनच कळतो. ताजिया खांद्यावर घेऊन मजुराला ज्या शहरात शिरता येईना, त्यात त्याचा मुलगा पाटी घेऊन शिरू शकत होता. पण त्या दाराला जकात होती. मिशनच्या शाळेत शिक्षक व्हायचे तर बहुधा बाप्तिस्मा घ्यावा लागे, आणि हिंदुस्थानी माणसाला मळ्याबाहेरची दुसरी पांढरपेशा नोकरी जवळजवळ नव्हतीच. ही सक्ती नव्हती असे म्हणणे सोपे आहे. हिंदू पद्धतीच्या विवाहाला बेटावर १९४० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कायदेशीर मान्यताही नव्हती, हे ध्यानात घेतले की ‘स्वेच्छा’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

तरीही बहुसंख्य लोक हिंदू किंवा मुसलमानच राहिले. शाळा घेतली, धर्म घेतला नाही. १८९४ मध्ये सुरू झालेल्या नापारिमा कॉलेजात शिकलेले नूर हसनअली पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले, मुसलमान राहूनच. कादंबरीकार सॅम सेल्वॉनही याच शाळेचे. शाळांची जकात हिंदूंना खुपत राहिली ती वेगळीच. १९५० च्या दशकात भदासे सगन महाराज यांच्या सनातन धर्म महासभेने गावोगाव स्वतःच्या शाळा काढल्या, त्या या खुपण्यातूनच.

भाषेचे मात्र उलटेच झाले. हिंदी शिकून आलेल्या पाद्र्यांच्या शाळांनी इंग्रजीचा रस्ता रुंद केला आणि दोन-तीन पिढ्यांत घरातली भोजपुरी विरत गेली. ती उरली कुठे, तर पूजेत, लग्नाच्या गाण्यांत आणि चक्क चर्चमध्ये. प्रेस्बिटेरियन उपासनेत हिंदी गीते अजून गातात, आणि त्यांना नाव आहे ‘भजन’. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंग-कीर्तनाची वाट ख्रिस्ताकडे वळवली ती कवीच्या आत्मविश्वासाने, आपल्याच भाषेच्या अंगणात. त्रिनिदादचे भजन गाणाऱ्यांपैकी अनेकांना शब्दांचा अर्थ पुरता लागत नसेल, चाल लागते.

मुलींचे प्रकरण यात सर्वांत उशिरा आले. १८९० साली सारा मॉर्टनबाईंनी ट्यूनापुना गावी मुलींसाठी वसतिगृह काढले ते धर्मशिक्षकांना शिकलेल्या बायका मिळाव्यात म्हणून. शिवण, स्वयंपाक, बायबल. १९१२ मध्ये सॅन फर्नांडोत नापारिमा गर्ल्स हायस्कूल निघाले, तेव्हा हेतू पुष्कळ रुंदावला होता. या शाळेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त १९८८ मध्ये पाककृतींचे एक पुस्तक काढले. आज टोरांटो-न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या त्रिनिदादी घरांतही ते सापडते. त्यात वाटाण्याच्या डाळीचे सारण भरलेली ‘दालपुरी’ आहे.