ताज्या तोंडीलावण्याचा इतिहास : शाहपूरची केळी, कैरी आणि मोहरी

फळ न शिजवता चिरून, किसून किंवा चोचवून त्याला मीठ, आंबट, तिखट आणि थोडा गोडवा लावला, की पानाच्या डाव्या बाजूला वाढायचे ताजे तोंडीलावणे तयार होते. मराठीत त्याला सर्वसाधारणपणे कोशिंबीर म्हणतात. कन्नडमधली कोसंबरी हिचीच बहीण. फळ दह्यात कालवले तर रायते, कैरी-कांद्याचे केले तर तक्कू, पाट्यावर वाटले तर चटणी. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, केळीच्या बागांनी वेढलेले शाहपूर हे या पदार्थाचा भूतकाळ पाहण्यासाठी चांगले ठिकाण आहे. गाव मध्य प्रदेशात असले तरी ते बुऱ्हाणपूरहून इच्छापूरमार्गे मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. इथली काळी माती, पिके आणि चुलीवरच्या सवयी खानदेशाच्याच आहेत.

कोशिंबिरीच्या इतिहासात एक अडचण पहिल्यापासून आहे. लोणचे टिकते, म्हणून ते विकले जाते आणि त्याची नोंद होते. ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लने लोणच्यांचे भाव शेराच्या हिशेबाने दिले आहेत. कोशिंबिरीला मीठ लागले की फळातले पाणी सुटू लागते आणि तासाभरात तिची चव उतरते. तिचा व्यापार होऊच शकत नव्हता. त्यामुळे ती कधी बाजारात बसली नाही आणि भावाच्या यादीतही आली नाही. ती घरातल्या बायकांच्या हातात राहिली आणि एकीने केलेले पाहून दुसरी शिकत गेली. तिचा इतिहास म्हणूनच तिच्यात पडणाऱ्या जिनसांवरून वाचावा लागतो, आणि तो वाचण्याइतका नक्कीच भरघोस आहे.

हा प्रदेश फळांचा होता याची साक्ष मात्र कागदावर आहे. फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने सुमारे १४०० मध्ये तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या ताब्यात आला. अबुल फज्लने या सुभ्याचे वर्णन करताना ज्वारी हे मुख्य पीक असल्याचे सांगितले आहे. तिचे धांडे इतके गोड आणि कोवळे असतात की लोक त्यांना फळच समजतात, असेही तो नोंदवतो. फळे मुबलक होतात, विड्याची पाने भरपूर मिळतात आणि शहरात पुष्कळ बागा आहेत, हेही त्याने लिहिले आहे. पुढे १६१५ च्या सुमारास मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी भूमिगत कालव्यांनी शहरात आणले गेले. तेच आजचे कुंडी भंडारा. उन्हाळ्यात जिथे जमीन भेगाळते, तिथे फळबाग टिकते ती पाण्याच्या अशा नेटक्या व्यवस्थेवर.

या काळापर्यंतच्या कोशिंबिरीत काय असावे, याचा अंदाज तिच्या आजच्या जुन्या वळणाच्या रूपातून बांधता येतो. केळी भारतात फार प्राचीन आहे, आंबा तर इथलाच. आंबटपणासाठी दही, चिंच, कैरी आणि लिंबू होते, तिखटपणासाठी आले, मिरे, पिंपळी आणि मोहरी. यांतली मोहरी सर्वांत महत्त्वाची. मोहरी वाटून थोड्या थंड पाण्यात फेसली, की पाचेक मिनिटांत ती नाकात जाते. दाण्यात दोन वेगवेगळी द्रव्ये वेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटून पाणी मिळाले की ती एकत्र येतात आणि तिखट उडनशील तेल तयार होते. गरम पाणी घातले तर ही क्रिया घडवणारे द्रव्यच निकामी होते, म्हणून पाणी थंड हवे. ते तेल उडूनही जाते, म्हणून मोहरी आयत्या वेळी फेसायची. केळ्याच्या कोशिंबिरीत ही फेसलेली मोहरी, दही, मीठ आणि चिमूटभर साखर यांनी पिकल्या केळ्याचा मिट्ट गोडवा तोडला जातो. दह्याच्या आंबटपणामुळे चकत्या लवकर काळ्या पडत नाहीत. हे रसायन कोणी पुस्तकातून शिकले नाही, पण क्रम मात्र घरोघर अचूक पाळला गेला.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेची पिके गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि कोशिंबिरीत तिने पूर्वी कधी न पाहिलेले पदार्थ आले. मिरची आली. अकबराच्या मुदपाकखान्याच्या कृतींत मिरे आणि आले सापडतात, मिरची सापडत नाही. यावरून १६०० च्या आसपास ती अजून दरबारी स्वयंपाकात रुळलेली नव्हती, असे दिसते. पेरू, पपई, अननस हीसुद्धा त्याच खंडातली. ‘अननस’ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला, आणि ‘पेरू’मागे नाशपातीला असलेला ‘पेरा’ हा पोर्तुगीज शब्द असल्याचे मानतात. जहांगीरने आपल्या आठवणींत फिरंग्यांच्या बंदरांतून येणाऱ्या अननसाचा उल्लेख केला असून आग्र्याच्या बागेत तो दरवर्षी हजारोंनी पिकत असल्याचे लिहिले आहे. सुरतेला उतरलेला माल आग्र्याकडे जाताना बुऱ्हाणपुरातून जाई. इंग्रज राजदूत टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने आला आणि इथे शहाजादा परवेझला भेटला. बाहेरची चव आत शिरण्यासाठी याहून उघडा दरवाजा मध्य भारतात दुसरा नव्हता. टोमॅटो मात्र उशिरा, इंग्रजी अमलात रुजला.

याच सुमाराला उलट दिशेनेही एक प्रवास चालू होता. मेक्सिकोत दगडी खलात मिरची आणि टोमॅटो वाटून ताजे तोंडीलावणे करण्याची परंपरा स्पॅनिश येण्याआधीची. सहागुन या स्पॅनिश पाद्र्याने सोळाव्या शतकात तिथल्या बाजारात असे रस विकणाऱ्यांचे वर्णन केले आहे. त्याला पुढे स्पॅनिशांनी ‘साल्सा’, म्हणजे नुसतेच ‘रसा’ अशा अर्थाचे नाव दिले. आंबा फिलिपीन्समार्गे स्पॅनिश जहाजांनी मेक्सिकोला पोहोचला, कांदा आणि कोथिंबीर स्पेनहून गेली. आज तिथे आंबा, कांदा, मिरची आणि कोथिंबीर यांचा साल्सा करतात. तापीकाठी कैरी, कांदा, तिखट आणि गूळ यांचा तक्कू करतात. आंबा इकडून तिकडे गेला, मिरची तिकडून इकडे आली आणि दोन्हीकडे जवळपास एकच पदार्थ जन्मला, एकमेकांचे नावही न ऐकता.

तक्कू खानदेश, विदर्भ आणि मराठवाड्यात उन्हाळाभर चालतो. कैरी किसायची, कांदा किसायचा किंवा बारीक चिरायचा. मीठ, लाल तिखट, किसलेला गूळ घालायचा आणि वरून मोहरी, मेथी, हिंगाची फोडणी गार करून ओतायची. गरम फोडणी ओतली तर कैरीचा करकरीतपणा जातो. ज्वारीच्या भाकरीबरोबर एवढे तोंडीलावणे भर उन्हात पुरेसे होते. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी होते, मग चातुर्मासात अनेक घरांत कांदा बंद. तोपर्यंत कैरीही संपलेली असते, त्यामुळे तक्कूचा हंगाम दोन्ही बाजूंनी आपोआप मिटतो.

किनाऱ्यावरची कोशिंबीर ओल्या खोबऱ्याने भरते, इथली दाण्याच्या कुटाने. नारळ दूर आणि भुईमूग शेतात, एवढेच त्याचे कारण. शेंगदाणाही अमेरिकेचाच. उपवासाच्या पानात हे अधिक ठळक दिसते. बहुतेक घरांत मोहरी आणि हळद उपवासाला वर्ज्य, पण मिरची, शेंगदाणे, बटाटे चालतात. जुनी देशी मोहरी बाहेर राहिली आणि चार शतकांपूर्वी आलेले पाहुणे आत बसले. म्हणून उपवासाची केळ्याची किंवा पेरूची कोशिंबीर जिरे, मिरची आणि कुटावर होते. महाशिवरात्रीला ज्याची चटणी करतात ते कवठ मात्र अस्सल इथले. पिकल्या कवठाचा गर, गूळ, जिरे, मीठ आणि तिखट एकत्र कालवले की चटणी होते, आणि त्या दिवसांत कवठ नेमके पिकलेले असते.

ग्रंथांत या पदार्थांचे मूल्यमापन आढळते ते आरोग्याच्या अंगाने. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या मराठी राज्यात रघुनाथाने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला आणि धान्ये, भाज्या, फळे यांचे गुणदोष मांडले. छापील मराठी पाकपुस्तकांची वाट १८७५ मधल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’ने मोकळी केली. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे घराघरांत पोहोचवली. अंदाजाने मीठ टाकणाऱ्या पिढीचे ज्ञान मापात बसवणे हे मोठेच काम होते, आणि नवख्या हातांसाठी ते फार उपकारक ठरले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तत्कालीन मुंबई राज्यात गेला, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिले. १५ ऑगस्ट २००३ ला खंडव्यापासून वेगळे होऊन ते जिल्हा झाले. रेषा बदलल्या तरी महाराष्ट्रातले रावेर, यावल आणि इकडचे शाहपूर यांच्या केळीबागा एकाच पट्ट्यात राहिल्या. बसराई, श्रीमंती या बुटक्या वाणांची जागा ग्रँड नैनच्या टिश्यू कल्चर रोपांनी घेतली आणि ठिबक सिंचन आले. आता घड हिरवा असतानाच उतरवतात आणि फळ उत्तरेकडच्या बाजारांत जाऊन पिकते. घरच्या कोशिंबिरीला मात्र पिवळे झालेले, पण देठाशी अजून घट्ट असलेले केळे लागते. फार पिकलेले दह्यात विरघळते, अर्धे हिरवे तुरट लागते. चकत्या करून ठेवत नाहीत. दही, मीठ, साखर, कूट कालवून तयार असते, मोहरी फेसलेली असते आणि पंगतीत पाने मांडून झाली की मग केळी सोलतात.